म्हाळसाचं बारसं

मस्कतच्या माणसाला कळंबची डाळिंबं आवडली, इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग त्यानं सांगितलं की आमची लिपी त्याला वाचता येत नाही, आणि तिथून माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं.

मी भूगोलाचा मास्तर. छत्तीस वर्षं मी पोरांना ओमानची राजधानी विचारली आणि ज्यांना आली नाही त्यांना बाकावर उभं केलं. त्याच ओमाननं निवृत्तीनंतर माझी परीक्षा घ्यावी, हा काही योगायोग नसावा. राहायला मी बारामतीत, पण दोन एकर डाळिंब कळंबला, वडिलोपार्जित. त्या बळावर मी कळंब-लासुर्णे डाळिंब गटाचा सचिव झालो. आमचे अध्यक्ष लासुर्ण्याचे विजयसिंह. अध्यक्षानं सही करायची आणि सचिवानं ती कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून द्यायची, अशी आमच्याकडं कामाची वाटणी असते. फुली मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तर मस्कतच्या नासर शेठचा फोन आला. ते हिंदी छान बोलतात, आमच्या अध्यक्षांपेक्षा नक्कीच छान. म्हणाले, "मास्टरजी, माल अव्वल है. लेकिन डिब्बे पर जो नाम है वो हमारे लोग पढ़ेंगे कैसे? इंटरनेट पर अपना नाम हमारे हरफ़ में लो, वही डिब्बे पर छापो. चालू करके दिखाओ, पूरे सीज़न का ऑर्डर पक्का." त्यांनी तारीखही दिली. पंचांगात पाहिलं तर ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येत होती.

आता यात गंमत वाटायचं काही कारण नव्हतं. गटातल्या गेणबा तात्यांनी माझ्या शब्दावर तीन एकर ऊस मोडून डाळिंब लावलं होतं. बांधावर भेटले की म्हणायचे, "गुरुजी, तुमी म्हनला म्हनून मोडला बरं का ऊस." दर भेटीत म्हणायचे. चांगल्या शब्दांत म्हणायचे, म्हणून जास्त लागायचं.

अभ्यासाला बसलो. इंटरनेटवर पत्त्याच्या शेवटी देशाचं आडनाव लावायची पद्धत आहे. पूर्वी ही सगळी आडनावं इंग्रजीत असत. आता ओमानला, सौदीला, अमिरातीला, इजिप्तला आपापलं आडनाव अरबी अक्षरांत मिळालेलं आहे. मी लगेच शेठना फोन करून ओमानचं आडनाव मागितलं. ते म्हणाले, त्याला ओमानचा परवाना लागेल. दुसऱ्याचं आडनाव लावायला दत्तक तरी जावं लागतं नाहीतर लग्न तरी करावं लागतं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

पण मी हरणारा माणूस नाही. आणखी दोन दिवस शोधल्यावर सापडलं की खुद्द आपल्या देशाचं आडनावही त्याच लिपीत मिळतं. 'भारत' जसं देवनागरीत आहे, तसं उर्दूतही आहे. मी संजीवनीला उठवून हे सांगितलं. दुपारचे अडीच वाजले होते. आमची ही म्हणाली, "अहो, मग घेऊन टाका की आत्ताच." बायकोचं पहिलं वाक्य ऐकणाऱ्या माणसाचा संसार सुखाचा होतो असं म्हणतात. मी नेहमी तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून ऐकायला लागतो.

नाव घ्यायचं म्हणजे आधी ते ठरवायला हवं. कळंबच्या देवळात बैठक बसली. विजयसिंहांनी 'लासुर्णे किंग' सुचवलं. गेणबा तात्या म्हणाले, मग 'कळंबचा राजा' का नगो? एका राज्यात एक किंग आणि एक राजा राहू शकत नाहीत, हा इतिहासाचा दाखला मी दिला, पण तो कुणी मनावर घेतला नाही. दोन तास गेले. शेवटी मी म्हटलं, "म्हाळसा." खंडोबाच्या बायकोच्या नावाला नाही कोण म्हणणार? जेजुरीला तर सगळेच जातात. ठराव एकमतानं पास झाला.

आमच्या आईचं नावही म्हाळसाबाई होतं. कळंबच्या रानात डाळिंबाची पहिली पाच झाडं तिनंच लावली आणि माझी मोठी बहीण द्वारका, म्हणजे आमची अक्का, विहिरीवरून कळशीनं पाणी आणून ती जगवायची. मी तेव्हा बारामतीला वसतिगृहात होतो. हे मी बैठकीत बोललो नाही. सचिवानं घरचं मध्ये आणू नये. पण मनातून फार बरं वाटलं, ते का लपवा.

नाव उर्दूत लिहून घ्यायला मोमीन मॅडमकडं गेलो. त्या उर्दू शाळेत शिकवतात आणि निवडणुकीच्या ड्यूटीवर आम्ही तीनदा एकाच बूथवर होतो. एका बूथवर एका डब्यातला उपमा खाल्लेली माणसं आयुष्यभर एकमेकांच्या उपयोगी पडतात. त्यांनी चष्मा लावला, दोन मिनिटांत मोबाइलवर नाव लिहिलं, पुढं ठिपका दिला, मग 'भारत' लिहिलं आणि मला पाठवून दिलं. "सर, हे जसंच्या तसं चिकटवायचं. हातानं टाइप करायला जाऊ नका," म्हणाल्या. मी विचारलं, मस्कतच्या लोकांना तरी टाइप करता येईल का? "एक अक्षर त्यांच्या कीबोर्डवर सापडणार नाही. पेटीवर तो क्यूआरचा चौकोन छापा. आजकाल मोबाइल दाखवला की झालं." एवढं सगळं लिपीसाठी केलं आणि लोक वाचणार चौकोन, हे ऐकून मी जरा खट्टू झालो.

तरी आनंद मोठा होता. मी मॅडमचा तो मेसेज उत्साहाच्या भरात आमच्या 'कळंबकर परिवार' ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या म्हाळसाचं नाव सातासमुद्रापार'. भूगोलाच्या दृष्टीनं मस्कतला जायला एकच समुद्र लागतो, पण भावनेला भूगोल नसतो. ग्रुपवर सतरा अंगठे आले. अक्काचा आला नाही. तिला सहीपुरतंच लिहिता येतं, पण अंगठे ती देते.

संध्याकाळी तिचा फोनच आला. अक्का लासुर्ण्याला दिलेली, आता सत्तरीला टेकली.

"गोकुळ, आईचं नाव ठिवताय म्हनं?"

"देवीचं गं, अक्का. पण आईचंही आहेच."

"बारसं कवा हाय?"

बारशाचं तिला कसं कळलं कोण जाणे, ते आदल्याच दिवशी ठरलं होतं. नुसतं बटण दाबून उद्घाटन करण्यात मजा नाही, असं विजयसिंहांचं म्हणणं. पाळणा बांधायचा, त्यात लॅपटॉप ठेवायचा, फुगे, घुगऱ्या, पेढे. प्रमुख पाहुणे म्हणून एका मोठ्या साहेबांना बोलवायचं आणि नाव ठेवायला साहेबांच्या मंडळींना. साहेबांचं नाव मी इथं सांगत नाही, कारण पुढं ते आलेच नाहीत.

"दसऱ्याला," मी म्हटलं.

"मंग मी येती सकाळनंच. आत्याला आधी याया लागतंय."

आता मी काय बोलावं? साहेबांच्या मंडळींच्या नावाचं पत्र आदल्या दिवशी गेलेलं. मी म्हटलं, "अक्का, ते इंटरनेटचं बारसं असतं. त्यात आत्या वगैरे नसते. तू उगाच त्रास घेऊ नको. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो, फॅनच्या समोर."

ती म्हणाली, "बरं."

आमची अक्का कशालाही बरंच म्हणते. वडील गेल्यावर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर करायची होती, तेव्हा इंदापूरला कचेरीत येऊन तिनं हक्कसोडाच्या कागदावर सही दिली. तीही एक अक्षर न बोलता. आमच्याकडं बहिणी देतातच सही, त्यात नवल काही नाही. मी तिला चांगली इरकली साडी घेतली होती. तर ती बरं म्हणाली की विषय मिटला, असं मी आजवर धरून चालत आलो.

इकडं फ्लेक्स करायला टाकला. फ्लेक्सवाल्यानं पहिला नमुना दाखवला, तो मी मोमीन मॅडमना दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "सर, ह्यात उजवं डावीकडं गेलंय, आणि आमची अक्षरं हात धरून चालतात. इथं सगळी भांडून वेगळी उभी आहेत." फ्लेक्सवाल्याचं म्हणणं पडलं की त्याचं मशीन बारामतीचं असल्यामुळं डावीकडूनच चालतं. तिसऱ्या खेपेला मॅडम स्वतः दुकानात जाऊन खुर्ची टाकून बसल्या तेव्हा अक्षरांची दिलजमाई झाली.

गणपतीत फ्लेक्स लागला. वर साहेब, मध्ये विजयसिंह मोबाइल कानाला लावून, खाली डाळिंब, आणि डाळिंबाच्या जवळपास मी. मध्यभागी ठसठशीत उर्दूत आमचं नाव आणि 'लवकरच येत आहे'. आमच्या सोसायटीतले शेजारी जगदाळे भाऊसाहेब, निवृत्त तलाठी, फ्लेक्स पाहून घरी आले. "सर, हे उर्दू कशापायी? लोक काय म्हणतील?" मी खिशातून नोट काढली, मागची पट्टी दाखवली. "भाऊसाहेब, ही सगळ्यात खालची ओळ कुठल्या लिपीत आहे? आयुष्यभर खिशात घेऊन फिरलात." त्यांनी नोट उलटसुलट करून पाहिली, समाधान झालं आणि त्यांनी विषय बदलला. दुर्दैवानं नवा विषय मुहूर्ताचा निघाला.

"नाव घेतलं का?"

"आज घेणार आहे."

"आज? परवा पितृपंधरवडा लागतोय. आज घेतलं तरी नोंदीला दोन दिवस लागणार. पितरांत नोंदलेलं नाव, सर, माझ्या नोकरीत मी कधी टिकलेलं पाहिलं नाही. सातबाऱ्याची नोंद असो नाहीतर इंटरनेटची. घटस्थापनेला घ्या. पंधरा दिवसांत काय बिघडतंय?"

मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे. ग्रहण का लागतं हे चेंडू आणि बॅटरी घेऊन मी छत्तीस वर्षं दाखवलेलं आहे. पण आपल्या श्रद्धेपायी नव्हे, तर दुसऱ्याच्या समाधानासाठी पंधरा दिवस थांबण्यात काही कमीपणा नाही, असा विचार मी केला. गेणबा तात्यांचा ऊसही डोळ्यांपुढं होता. उद्या काही झालं तर लोक म्हणाले असते, पितरांत नाव घेतलं म्हणून झालं. मी थांबलो. दरम्यान पेट्या छापायला टाकल्या. चार हजार पेट्या. प्रत्येकीवर ते नाव आणि तो चौकोन. छपाई म्हणजे काही शुभकार्य नव्हे, ती पितरांत चालते असं भाऊसाहेबच म्हणाले.

घटस्थापनेला अंघोळ करून, सोवळं नेसून नाही पण धुतलेला सदरा घालून मी लॅपटॉपपुढं बसलो. संजीवनीनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. नाव जसंच्या तसं चिकटवलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं की हे नाव उपलब्ध नाही.

मी पुन्हा दाबलं. मग लॅपटॉप बंद करून चालू केला. कुंकू आत गेलं असेल म्हणून पुसून घेतला. नाव नाहीच. मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, हे नाव नऊ दिवसांपूर्वी बुक झालंय."

"कुणी केलं?"

"ती माहिती गोपनीय असते, सर."

"अहो, पण ते माझं नाव आहे."

"आपलं नाव काय?"

"गोकुळ."

"सर, मग हे आपलं नाव नाही," ती म्हणाली. तिचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

आठवड्यात माझं साडेतीन किलो वजन उतरलं असेल. चार हजार पेट्या कळंबच्या गोडाऊनमध्ये रचून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव. विजयसिंहांना सांगायची हिंमत होईना. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, "सर, हे कळंबवाल्यांचंच काम हाय." गेणबा तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "लासुर्न्याशिवाय असली अक्कल कुठनं येनार?" आणि निघताना दारात वळून हळूच म्हणाले, "गुरुजी, ऊस मोडला आपुन." या वेळी 'तुमी म्हनला म्हनून' हे शब्द त्यांनी गाळले होते. मला जेवण गेलं नाही.

भाऊसाहेब म्हणाले, तक्रार द्या. मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार सज्जन होते, माझ्या हाताखालून गेलेले निघाले. बाकावर उभे राहिलेल्यांपैकीच.

"काय चोरीला गेलं, सर?"

"नाव."

"कुणाचं?"

"आमच्या गटाचं. इंटरनेटवरचं."

"तुमच्याकडं कधीपासून होतं?"

"आमच्याकडं अजून आलंच नव्हतं. घ्यायच्या आधी गेलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमच्याकडं नव्हतं ते तुमच्याकडनं चोरीला गेलं, असं लिहू का?" मग त्यांनी फ्लेक्सचा फोटो पाहिला, मोबाइल आडवा-उभा केला आणि विचारलं, "हे वाचायचं कुठल्या बाजूनं?" मी म्हटलं, उजव्या. ते म्हणाले, "साहेबांना विचारून बघतो, फिर्याद त्या बाजूनं घेता येती का." चहा मात्र पाजला. जाताना म्हणाले, "ओमानची राजधानी मस्कत, सर. आता पाठ हाय." ते मनापासून म्हणाले होते, तरी मला ते टोमण्यासारखं लागलं.

मदतकेंद्राच्या त्या मुलीनंच शेवटी मार्ग दाखवला. नावाचा मालक कोण ते सांगता येत नाही, पण त्याला निरोप लिहिता येतो, तो त्याच्यापर्यंत पोचतो. मी रात्रभर, म्हणजे साडेदहापर्यंत, बसून निरोप लिहिला. मी शिक्षक आहे, शिवी देत नाही. पण शुद्ध मराठीत माणसाला किती लागेल असं लिहिता येतं, हे त्या दिवशी मलाही नव्यानं कळलं. 'ज्या कोणा नराधमाने' अशी सुरुवात केली. पुढं लिहिलं, 'आपण केलेले हे चौर्यकर्म पाहता आपल्या मातापित्यांनी आपणांवर कोणतेही संस्कार केलेले दिसत नाहीत. किंबहुना जसे झाड तसे फळ.' शेवटी, 'आपल्या घराण्याची लाज वाटते,' असं लिहून सही केली. संजीवनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आईबापाला कशाला मध्ये घेता? त्या बिचाऱ्यांनी काय केलं?" मी ते वाक्य ठेवलं. फार जमून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काचा फोन आला.

"गोकुळ, आईबापाचं काय काढलंस रं?"

मला काही उमगेना. "कुणाच्या आईबापाचं?"

"आपल्या. झुंबरनं वाचून दावलं मला. जसं झाड तसं फळ म्हनं. नराधम म्हंजी काय?"

मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, तरी बसलो.

हळूहळू उलगडा झाला. झुंबर हा लासुर्ण्याचा ई-सेवा केंद्रवाला. सातबारा, रेशनकार्ड, पीकविमा, दहावीचा निकाल, जे काही सरकारदरबारी असेल ते झुंबरकडं मिळतं. त्यामुळं नाव घ्यायचं तर तेही तिथंच मिळणार, हे अक्काला कुणी सांगायची गरज नव्हती. ती आधारकार्ड घेऊन रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर आपला मोबाइल पुढं केला. त्यात 'कळंबकर परिवार' वर मीच टाकलेला मोमीन मॅडमचा तो मेसेज होता. म्हणाली, "ह्ये नाव माज्या नावावर करून दे." झुंबरनं ते चिकटवलं, आधारचा नंबर टाकला, आलेला ओटीपी विचारून भरला. संपर्काला स्वतःच्या केंद्राचा पत्ता दिला, कारण अक्काला ईमेल नाही. वीस मिनिटं लागली. त्यातली दहा झुंबर जेवत होता. पितृपंधरवड्यात, बरं का. मी विचारलं तर म्हणाली, "आईचं नाव घ्यायला पितरांत न्हाय तर कवा घ्यायचं?"

"पण अक्का, कशासाठी?" माझा आवाज चढला होता, हे मी कबूल करतो.

"नाव ठिवायचा मान आत्याचा असतुया. तू साहेबाच्या बाईला दिलास. जिनं आईला बगितलं बी न्हाय." मग म्हणाली, "पानी मी घातलं व्हतं त्या झाडांना. कळशीनं. तुला ठाव हाय का न्हाय?"

मला ठाऊक होतं. मी तसं म्हणालो. फोनवर म्हणायला फार जड गेलं, पण म्हणालो. आणि नराधम म्हणजे काय ते मी तिला सांगितलं नाही.

दसऱ्याला सकाळी आम्ही सगळे लासुर्ण्याला अक्काच्या अंगणात जमलो. साहेबांचा निरोप आला की त्यांना तीन ठिकाणी सोनं वाटायला जायचंय. विजयसिंहांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण अक्का त्यांची चुलत चुलती लागते आणि तिच्यापुढं त्यांचंही किंगपण चालत नाही. पाळणा बांधला. पाळण्यात लॅपटॉप, त्याला टोपडं. गावातल्या बायकांनी अक्काच्या भोवती कोंडाळं केलं. अक्का वाकली आणि थांबली.

"कान कुठं हाय ह्येला?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. छत्तीस वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी चार्जरची खोबण दाखवली. अक्कानं तिथं तोंड नेलं, "कुर्रर्र, म्हाळसाऽ" म्हणाली, आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत दणादण गुद्दे घातले. संजीवनीचा गुद्दा मला वाजवीपेक्षा प्रेमळ वाटला. झुंबरनं कळ दाबली. पडद्यावर लाल डाळिंब उमटलं आणि वरच्या पट्टीत उजवीकडून डावीकडं आईचं नाव. मोमीन मॅडम मोठ्यांदा वाचून म्हणाल्या, "बरोबर आहे. हात धरून उभी आहेत." अक्कानं पदर डोळ्यांना लावला. मीही चष्मा पुसला, आणि खरं सांगतो, चष्म्यावर काही नव्हतं.

नासर शेठना फोन लावला. त्यांनी तिकडं पेटीच्या फोटोवरचा चौकोन मोबाइलला दाखवला, डाळिंब पाहिलं आणि म्हणाले, "मुबारक हो मास्टरजी, ऑर्डर पक्का." गेणबा तात्यांनी घुगऱ्यांचा बकाणा भरला आणि उसाचा विषय काढला नाही. पहिल्यांदाच.

घुगऱ्या वाटून झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. "अक्का, आता ते नाव तेवढं गटाच्या नावावर करून टाकू. झुंबर आहेच इथं."

"गटानं खुशाल वापरावं," अक्का म्हणाली. "मस्कतला जाऊ दे, न्हायतर आनि कुठं. पन नाव माजंच ऱ्हाईल. वर्साला नवं करावं लागतंय म्हनं. दर वर्साला दसऱ्याला यायचं हितं, मी अंगठा दिती. फोनवरनं न्हाय. सोता यायचं." आणि तिनं झुंबरला खूण केली.

झुंबरनं पिशवीतून कागद काढला. मी वरची ओळ पाहिली आणि ओळखला. हक्कसोडपत्र. त्यानं जमिनीचाच नमुना घेतला होता, तोच त्याच्याकडं होता. 'मौजे इंटरनेट, तालुका इंदापूर' असं टाकलं होतं. चतुःसीमेच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून 'उजवीकडून डावीकडे' लिहिलं होतं. खाली होतं, 'सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नसून, हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे.' ते वाक्य मला पाठ होतं. इंदापूरच्या कचेरीत ते मीच लिहून नेलं होतं.

अक्कानं पेन पुढं केलं. "हितं कर सही. फुली मारलीय."

"वाचू तरी दे, अक्का."

"मला दावलं व्हतंस वाचून?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात.

विजयसिंह उगाच आंब्याच्या झाडाकडं बघायला लागले. मी पेन घेतलं. फुली पेन्सिलीची होती, बरोबर जागेवर मारलेली. मी सही केली.

अक्कानं कागद घडी करून कमरेला खोचला, आत गेली आणि नवीकोरी टॉवेल-टोपी आणून माझ्या हातात दिली. मी तिला साडी दिली होती तशीच, दोन्ही हातांनी.